भिंत रंगवायची आहे. पण कुठल्या बाजूने?

खडूवाले_सर | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. प्रश्न तसा घरगुती आहे, पण विचार करता करता मी पार बेथलहेमला जाऊन पोचलोय.

आमची सोसायटी नासर्डीच्या काठी. (कागदावर नंदिनी. आम्ही नासर्डीच म्हणतो.) मागच्या अंगाला वस्ती आहे. मधे कमरेएवढी भिंत होती, बावीस वर्षं. पोरं चेंडू आणायला तिच्यावरून उड्या मारायची. एका ठिकाणी ती पडलेली होती, तिथून बायका कामाला यायच्या. मी स्वतः तिच्यावर बसून मीठ लावलेल्या कैऱ्या खाल्ल्यात. गेल्या दिवाळीत सोसायटीत दोन घरफोड्या झाल्या. चोर सापडले नाहीत, पण भिंत वाढली. आता ती नऊ फूट आहे, वर बाटल्यांच्या काचा.

आता कमिटीला ती भकास दिसायला लागली. "सर, तुम्ही एवढी वर्षं ड्रॉइंग शिकवलंत, काहीतरी छान काढा. सूर्यफुलं, फुलपाखरं, पाणी वाचवा वगैरे." मी एकतीस वर्षं पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. भिंत दिली आणि नाही म्हणालो असं आजवर झालं नाही. ब्रश धुऊन ठेवले, कच्चं स्केचही केलं. आणि मग तो म्हातारा आठवला.

बँक्सी हा नाव लपवून भिंती रंगवणारा ब्रिटिश कलाकार २००५ साली वेस्ट बँकेत गेला आणि इस्रायलने बांधलेल्या भिंतीवर नऊ चित्रं काढून आला. फुग्यांना धरून वर तरंगत जाणारी मुलगी, भिंतीवर चढणारी शिडी, बादली-फावडं घेतलेली पोरं आणि भिंतीला पडलेल्या भगदाडातून दिसणारा समुद्रकिनारा. तिथला एक किस्सा त्यानेच सांगितलाय. एक म्हातारा येऊन म्हणाला, तू भिंत सुंदर करतोयस. हा म्हणाला, आभारी आहे. त्यावर म्हातारा म्हणाला, आम्हाला ती सुंदर नकोय, आम्हाला तिचा तिटकारा आहे, तू आपला घरी जा.

मी चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे माझी सहानुभूती आधी बँक्सीकडे गेली. मग लक्षात आलं की या गोष्टीत मी बँक्सीही नाही आणि म्हाताराही नाही. भिंत बांधणाऱ्यांच्या सोसायटीत मी मेंटेनन्स भरतो.

त्याच भिंतीवर ठिकठिकाणी एक पाठमोरा, अनवाणी पोरगा दिसतो. हंदाला. नाजी अल-अली या पॅलेस्टिनी व्यंगचित्रकाराने १९६९ मध्ये काढलेला. वय कायम दहा, १९७३ पासून हात मागे बांधलेले, तोंड आपल्याकडे नाही. नाजी अल-अलींवर १९८७ मध्ये लंडनमध्ये गोळी झाडली गेली आणि त्यात ते गेले, पण पोरगा भिंतीभिंतीवर राहिला. चार रेघांत येतो, कुणीही काढू शकतं. वर्गात मी पोरांना सांगायचो, चेहरा जमत नसेल तर पाठमोरं काढा. ही पळवाट आहे असं मला तेव्हा वाटायचं.

तर मंडळी, रंगवू की नको?

---

मुंबईनाका | मंगळवार, रात्री ९:२६

मी पयला.

सर, कुठे बेथलहेम आणि कुठे नासर्डी! दोन डबे इमल्शन आणा, सूर्यफुलं काढा आणि मोकळे व्हा. सिंहस्थाच्या नावाखाली अर्धं शहर रंगवायला काढलंय, त्यात तुमची एक भिंत.

---

श्प्रेकाठची | मंगळवार, रात्री ११:४८

सर, धागा फार आवडला. कॉलेज रोडवर वाढले, गेली अकरा वर्षं बर्लिनमध्ये आहे. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना ईस्ट साइड गॅलरीला, म्हणजे बर्लिन भिंतीच्या चित्रांनी भरलेल्या उरलेल्या तुकड्याकडे नेते. सोव्हिएत नेता ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचा नेता होनेकर यांच्या चुंबनाच्या चित्रापुढे फोटो होतो आणि हमखास वाक्य येतं, "काय हिंमत असेल ना, सैनिकांच्या नाकासमोर हे काढायचं!"

मग मला त्यांचा रसभंग करावा लागतो. ती चित्रं भिंत उभी असतानाची नाहीतच. भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, ही चित्रं आली १९९० मध्ये. ११८ कलाकार, २१ देश, सव्वा किलोमीटरहून जास्त लांब. दिमित्री व्रुबेलचं ते चुंबनही तेव्हाचंच, १९७९ च्या एका फोटोवरून केलेलं. २००९ मध्ये तर ती बरीचशी पुन्हा नव्याने रंगवून घेतली. आणि भिंतीचा हा पूर्वेकडचा भाग आधी नुसता पांढरा असायचा, कारण पांढऱ्यावर पळणाऱ्या माणसाची सावली पहारेकऱ्याला नीट दिसते. सर, तुम्ही पांढऱ्या पार्श्वभूमीबद्दल शिकवताना हे उदाहरण नक्कीच दिलं नसेल.

भिंत उभी असताना चित्रं होती ती पश्चिमेच्या तोंडावर. साडेतीन मीटरहून उंच काँक्रीटचे तुकडे, माथ्यावर हाताला पकड मिळू नये म्हणून गोल पाइप. गंमत अशी की भिंत सीमेच्या थोडी आत, पूर्वेच्या जमिनीवर होती. म्हणजे पश्चिमेकडून येऊन रंगवणाराही पूर्व जर्मनीतच उभा असायचा. भिंतीत दारं होती, त्यांतून पहारेकरी येऊन पकडू शकत. थिएरी न्वार हा फ्रेंच माणूस पश्चिम बर्लिनच्या क्रॉयत्सबर्गमध्ये भिंतीला लागून राहायचा. त्याने १९८४ पासून मोठ्या ओठांची, एका बाजूने दिसणारी डोकी काढायला सुरुवात केली. दोन-तीन रंग, मोजक्या रेघा. शैली-बिली नंतर. आधी पळता आलं पाहिजे. भिंत सुंदर करणं हा हेतू नव्हताच, ते शक्यही नव्हतं, असं तो सांगत आलाय. त्या भिंतीपायी निदान १४० माणसं मेलीत.

आता तुमच्या म्हाताऱ्याकडे येते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कीथ हेरिंग हा चित्रकार न्यूयॉर्कहून आला. चेकपॉइंट चार्ली या सीमा ओलांडायच्या नाक्याजवळ शंभरेक मीटर पिवळ्या पट्ट्यावर त्याने लाल-काळ्या माणसांची साखळी काढली, जर्मन झेंड्याचे रंग. फोटो, पत्रकार, सगळा थाट. ते चित्र फार लवकर इतरांनी झाकून टाकलं. आणि दोनच आठवड्यांत पाच तरुण मुखवटे घालून आले आणि भिंतीवरच्या सगळ्या चित्रांवरून एक सलग पांढरी रेघ ओढत निघाले. हे मूळचे पूर्व जर्मनीतले, तिथून बाहेर पडलेले. पश्चिमेने या भिंतीची करमणूक करून टाकली याचा त्यांना संताप होता. दुसऱ्या दिवशी भिंतीतलं दार उघडलं आणि त्यांच्यातल्या एकाला पहारेकऱ्यांनी आत ओढलं. तुरुंगात गेला तो.

मला हेरिंग आवडतो. पण सगळ्या भिंतीवरचं सगळ्यात चांगलं चित्र मला ती रेघ वाटते, आणि तिच्यात चित्र असं काहीच नाही.

---

तिरपी_नजर | बुधवार, सकाळी ७:०५

वाखू (वाचनखूण) साठवली. वरच्या प्रतिसादाला जोड: भिंत पडली तसा तिचा बाजार भरला. १९९० मध्ये मोनाकोत रंगीत तुकड्यांचा लिलाव झाला. कोऱ्या काँक्रीटला कोण विचारतो, भाव चित्राला. मग न्वार आणि त्याचा एक जोडीदार चित्रकार कोर्टात गेले की पैशात आमचा वाटा द्या. १९९५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो हक्क मान्य केला. थोडक्यात, सर, चित्र काढणार असाल तर सोसायटीकडून लिहून घ्या. भिंत कधी पडलीच तर वाटा मागता येईल.

---

देवळालीचा_सुभेदार | बुधवार, सकाळी ८:३०

सर, नमस्कार. आपण सगळे एकाच सुरात गाताय म्हणून जरा बेसूर लावतो.

नोकरीतली काही वर्षं मी नियंत्रण रेषेवर काढली. २००३-०४ मध्ये तिथे सुमारे साडेपाचशे किलोमीटर कुंपण पडलं, काटेरी तारांची दुहेरी रांग. त्यावर कुणी फुलपाखरं काढत नाही, कारण काढायला पृष्ठभागच नाही. बर्फाने दरवर्षी ते मोडतं आणि आम्ही दरवर्षी उभं करतो. त्या कुंपणाआधीच्या आणि नंतरच्या रात्रींत मला फरक दिसलाय, तो कोणतंही चित्र बघून पुसला जाणार नाही.

इस्रायलने २००२ मध्ये ती भिंत सुरू केली तेव्हा त्यांच्या बसमध्ये, हॉटेलांत आत्मघातकी स्फोट होत होते. ज्याच्या घरात स्फोट झाला त्यालाही भिंतीबद्दल काही म्हणायचं असेल. आपण ते ऐकत नाही, कारण त्याने स्प्रे मारलेला नाही. आणि सोसायटीत घरफोडी झाली हे तर तुम्हीच लिहिलंय.

बाकी सूर्यफुलं मलाही आवडत नाहीत.

---

वकीलसाहेब_नाही | बुधवार, सकाळी १०:१४

सुभेदार साहेब, मुद्दा रास्त आहे, अर्धा. भिंत आपल्या हद्दीवर बांधणं वेगळं. ती भिंत १९४९ च्या हिरव्या रेषेवर (इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्यामधली युद्धविरामाची रेषा) नाही, आखलेल्या मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग रेषेच्या पलीकडे, वेस्ट बँकेच्या आत जातो. कुणाचं ऑलिव्हचं शेत एकीकडे, घर दुसरीकडे. ९ जुलै २००४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की तिथे ती बांधणं आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे. बंधनकारक नव्हतं. भिंत राहिली. शिवाय बहुतेक लांबीत ते कुंपण आहे. आठ मीटर काँक्रीट आहे ते बेथलहेम, कलंदिया अशा दाट वस्तीच्या जागी, आणि चित्रंही तिथेच.

आपल्याकडचं: महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. सोसायटीची भिंत, सोसायटीची परवानगी, म्हणजे सरांच्या चित्राला कुणी विद्रूपण म्हणणार नाही. पलीकडच्या पोराने त्याच भिंतीच्या त्याच्या बाजूला काही काढलं तर ते विद्रूपण. वीट एकच, बरं का.

---

सरस_आणि_गेरू | बुधवार, दुपारी २:५०

जय हरी. मी सातपूरचा पेंटर. आता गुडघे गेले, मुलगा फ्लेक्सचं दुकान बघतो. हसू नका.

राजकीय भिंतींवर आमची हयात गेली. पूर्वी निवडणूक लागायच्या आत रात्रीत भिंती धरायच्या. कोपऱ्यात पक्षाचं नाव टाकायचं, पुढे 'बुक', आणि वर्ष. पहिला हात चुन्याचा, त्यात थोडी नीळ आणि सरस. सूत मारायचं, मग गेरूने अक्षर. दोन्ही पक्षांचं काम मीच करायचो, चेहरे ओळखीचे. एकदा द्वारकेकडे एका भिंतीवर संध्याकाळी एकाचं चिन्ह काढलं आणि पहाटे दुसऱ्याने पैसे वाढवले म्हणून स्वतःच्याच हाताने त्यावर चुना मारला. पहिलं वाळलंही नव्हतं. आठ दिवसांनी चुना उडाला आणि दोन्ही चिन्हं एकात एक दिसायला लागली. मला दोन्हीकडून शिव्या.

सर, कामाचं बोलतो. गिलावा नवा आहे ना? पावसाळा सरेपर्यंत हात लावू नका. नाल्याकडची भिंत, ओल खालून चढणार, लोणा (खारा पांढरा थर) फुटणार. लोण्यावर रंग टाकला तर पुढच्या वर्षी तुमच्या सूर्यफुलाच्या पाकळ्या खाली पडलेल्या सापडतील, आणि दोष पेंटरला.

एक विचारतो. पलीकडच्या बाजूला गिलावा केलाय का?

---

चष्मेबद्दूर_पांडवलेणी | बुधवार, रात्री १०:०२

पेंटरकाका, दंडवत. तुमची 'एकात एक दिसणारी चिन्हं' नाशिकला दोन हजार वर्षांपूर्वी झाली आहेत. अवांतर वाटेल, पण नाही.

पांडवलेणीला आपण सगळे सहलीला गेलोय. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत: इतक्या गाई दिल्या, इतका पैसा ठेवला, घाट बांधले. म्हणजे तेव्हा इथे क्षहरातांची, नहपानाच्या घराण्याची सत्ता. मग गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांना हरवलं. त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, मोठा लेख तिसऱ्या लेण्यात आहे आणि त्यात मुलाचं वर्णन 'खखरातवसनिरवसेसकर', म्हणजे क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. त्याच डोंगरात, त्याच रांगेत, चालत दोन मिनिटांवर. जिंकणाऱ्यांनी दहाव्या लेण्यातली हरलेल्यांची अक्षरं खरवडून काढली नाहीत. आजही वाचता येतात.

आणि नाणी! आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक घबाड सापडलं, नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने वितळवायची तसदी न घेता आपला ठसा मारलाय. नहपानाचं नाक खालून डोकावतं. हाच तो चुना आणि हीच ती निवडणूक.

हे सांगायचं कारण, भिंतीवरचं चित्र 'विरोधाचं'च असतं हे आपण गृहीत धरतोय. सत्तेने भिंतीवर लिहायला बँक्सीच्या फार आधी सुरुवात केली.

---

लगानसाइड_ताई | गुरुवार, पहाटे ४:४०

रात्रपाळीहून आले, झोप नाही, म्हणून लिहिते. मूळची नाशिकरोडची, बेलफास्टला नर्स आहे.

वरच्या मुद्द्याला माझ्याकडून दुजोरा. इथे रोमन कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मधे भिंती आहेत, नाव 'पीस वॉल'. १९६९ च्या दंगलींनंतर लष्कराने तात्पुरत्या म्हणून तारा ओढल्या. तात्पुरत्या! मग पत्रे, मग विटा. क्यूपर वे वरची भिंत बघितली तर थर मोजता येतात: खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर जाळी. प्रत्येक थर म्हणजे कुणीतरी आधीच्या थरावरून काहीतरी फेकलं. १९९८ मध्ये शांतता करार झाला. २०१३ मध्ये सरकारने ठरवलं की २०२३ पर्यंत सगळ्या भिंती काढायच्या. मी आत्ता त्यातल्याच एका भिंतीच्या कडेने घरी आले.

आता चित्रं. कॅथलिकांच्या फॉल्स रोडला तुरुंगातल्या उपोषणात गेलेल्या बॉबी सँड्सचं हसरं चित्र, प्रोटेस्टंटांच्या शँकिलला मुखवटा घातलेले बंदूकवाले. फुटपाथच्या कडांचे दगडसुद्धा रंगवलेले, एका बाजूला लाल-पांढरे-निळे. ही चित्रं भिंतीविरुद्ध नाहीत. 'इथून पुढे आमचं' हे सांगण्यासाठी आहेत. भिंत सहा इंच सरकली असं समजा, रंगाने. पर्यटक टॅक्सीतून येतात आणि मार्करने 'प्रेम करा' लिहून जातात. भिंतीला लागून ज्यांची परसदारं आहेत त्यांनी दगडांपासून बचावासाठी वर जाळीचे पिंजरे लावलेत. ते कुणी लिहायला येत नाही.

आणि हो, भिंतींना फाटकं आहेत. दिवसा उघडी, रात्री बंद. माझ्या ओळखीतला एक माणूस फाटक कधी बंद होतं यावर आपलं अख्खं आयुष्य बेतून राहिला. नोकरी कुठली घ्यायची तेसुद्धा.

---

मुंबईनाका | गुरुवार, सकाळी ९:१२

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. पण सूर्यफुलाबद्दल मत कायम.

---

एल_पासोचा_एकनाथ | गुरुवार, सकाळी ११:३०

राहिलेली एक सीमा मी टाकतो, ऑफिसपासून अर्ध्या तासावर आहे.

अमेरिका-मेक्सिको सीमेवर बहुतेक ठिकाणी सलग भिंत नाही, उभे पोलादी गज आहेत, मधे बोटं जातील एवढी फट. त्यामुळे इथल्या लोकांना चित्राखेरीज दुसरं काही सुचलं. जुलै २०१९ मध्ये राएल आणि सान फ्रातेल्यो या वास्तुकार जोडीने इथे फटींतून तीन गुलाबी सी-सॉ आरपार घातले. एक टोक अमेरिकेत, एक मेक्सिकोत. इकडचं पोर खाली गेलं की तिकडचं वर. जेमतेम अर्धा-पाऊण तास चाललं, मग उचलून नेलं. त्याआधी २०१७ मध्ये तेकातेला जेआर या फ्रेंच कलाकाराने मेक्सिकोच्या बाजूला परांचीवर एका तान्ह्याचा प्रचंड फोटो उभा केला. पोर कुंपणावर हात ठेवून अमेरिकेत डोकावतंय. भिंतीला हात न लावता भिंतीचं चित्र. अना तेरेसा फर्नांदेस हिने तर तिहुआनाला गज आभाळाच्या निळ्या रंगाने रंगवले, लांबून बघितलं तर तिथे भिंत नाहीच.

तिकडची बाजू अशी रंगीबेरंगी. इकडच्या बाजूला रंगाची बातमी आली ती ऑगस्ट २०२५ मध्ये: सरकार सगळी भिंत काळी रंगवणार. का? काळं पोलाद उन्हात जास्त तापतं, चढणाऱ्याचे हात भाजतात. पेंटरकाका, तुमच्या धंद्यात अशी ऑर्डर कधी आली होती का?



---

सरस_आणि_गेरू | गुरुवार, दुपारी १:१५

नाही. काचा लावायची यायची, पण ते गवंड्याचं काम.

---

सिडकोची_सई | गुरुवार, रात्री ११:५५

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

मी अशाच भिंतीच्या पलीकडे वाढले. सरांच्याच सोसायटीच्या मागे की दुसऱ्या, ते सांगत नाही. मी आता सिडकोत राहते, आई अजून तिथेच आहे.

पेंटरकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आमच्या बाजूला गिलावा नाही. उघड्या विटा आणि मधून फुगून आलेला माल, तसाच वाळलेला. कारागीर पलीकडून काम करत होता, त्याला आमची बाजू दिसतच नव्हती. लोणा आत्ताच फुटलाय. त्यावर बायका गोवऱ्या थापतात, बऱ्या चिकटतात.

आणि चित्र आहे. तुम्ही बेथलहेम, बर्लिन, बेलफास्ट सगळं फिरून आलात म्हणून सांगते. कोळशाने तीन उभ्या रेघा. स्टंप. आधीची भिंत बुटकी होती म्हणून स्टंपच्या वरून चेंडू तुमच्याकडे जायचा, आता जात नाही. पोरं खूश आहेत, खरं सांगते. विकेटकीपर लागत नाही.

आईचं म्हणणं वेगळं आहे. आधी ती पडलेल्या भागातून दोन मिनिटांत कामाला जायची. आता पुलावरून वळसा, वीस-पंचवीस मिनिटं. चार घरांची कामं, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा. हे रोजचं दीड तास आहे आणि ते कुणी मोजत नाही. ज्या घरी ती चोवीस वर्षं भांडी घासतेय त्याच घरच्यांनी भिंतीची वर्गणी दिली. घरफोडी झाली तेव्हा पोलीस आधी आमच्या गल्लीत आले होते, हेही लिहून ठेवते.

सर, तुमच्यावर राग नाही. तुम्ही विचारलंत तरी. पण 'त्या लोकांसाठी काहीतरी अर्थपूर्ण काढतो' असं कृपा करून करू नका. भिंतीच्या तुमच्या बाजूला तुम्ही हंदाला काढा नाहीतर हत्ती, आम्हाला दिसणार नाही.

---

देवळालीचा_सुभेदार | शुक्रवार, सकाळी ६:२०

सईताई, पुलावरून वळसा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरफोड्यांबद्दलचं मत तेच आहे. पण भिंतीला फाटक नसणं ही सुरक्षा नाही, आळस आहे. कुंपणालासुद्धा आम्ही फाटकं ठेवायचो. कुंपणापुढे आपल्याच लोकांची शेतं होती. नोंद करून सोडायचो, संध्याकाळी मोजून आत घ्यायचो.

---

तिरपी_नजर | शुक्रवार, सकाळी ९:४४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(काहीतरी शहाणपणाचं लिहिलं होतं. सईचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि काढलं.)

---

खडूवाले_सर | पुढच्या रविवारी, रात्री ८:३०

उशिराबद्दल माफी. धागा वर काढतोय, कारण घडलंय थोडं.

शुक्रवारी संध्याकाळी पुलावरून वळसा घालून पलीकडे गेलो. घड्याळ लावलं होतं. मला सव्वीस मिनिटं लागली, गुडघ्यांसकट. बावीस वर्षांत त्या बाजूने आमची भिंत कधी पाहिली नव्हती. खूप उंच दिसते. आमच्या बाजूला जमिनीला भराव आहे, त्यामुळे आमची नऊ फूट म्हणजे त्यांची साडेअकरा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरची माझी खिडकी तिथून दिसते, वाळत घातलेल्या बनियनसह.

स्टंप बघितले. रेघा सरळ नाहीत, मधली जरा जाड, कारण ती पुन्हा पुन्हा काढावी लागते. चेंडूने पुसते. माझ्यातला मास्तर लगेच म्हणाला, डांबर वापरा. पोरगा म्हणाला, नको, पुसलं की आउट, तोच पुरावा.

काल कमिटीची बैठक झाली. मी सांगितलं, सूर्यफुलं काढत नाही. पुढे मोठं भाषण तयार होतं, पांढरी रेघ, जोगलटेंभी, सगळं. पण सेक्रेटरी म्हणाले, "बरं, मग फ्लेक्स लावू," आणि विषय संपला. (पेंटरकाका, आता मी हसत नाहीये.) फाटकाचा विषय मी काढला. दोघं विरोधात, एक बाई जोरात बाजूने. त्यांच्याकडे कामाला येणारी बाई उशिरा येते म्हणून. कारण काही का असेना, मत मोजलं. आमचे एक निवृत्त अधिकारी नोंदवहीची कल्पना मांडून गेले, ती मी सुभेदार साहेबांकडून उसनी घेऊन त्यांच्या कानात घातली होती. शेवटी असं ठरलं: मधोमध लोखंडी फाटक, वॉचमनकडे किल्ली, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. वार्षिक सभेत मंजुरी घ्यायची, तोवर प्रायोगिक.

रंगाचे डबे माझ्याकडे पडून आहेत. फाटकाला रेड ऑक्साइड मी मारीन म्हणालो, दोन्ही बाजूंनी.

---

सरस_आणि_गेरू | रविवार, रात्री ९:०५

दोन हात मारा, सर. पहिला वाळल्यावर पॉलिश पेपर घासायला विसरू नका. बिजागरीत रंग जाऊ देऊ नका, फाटक अडकतं.

---

लगानसाइड_ताई | रविवार, रात्री ९:३१

सर, किल्ली एकट्या वॉचमनकडे नको. तो रजेवर गेला की काय, ते आत्ताच लिहून घ्या. अनुभवाचं सांगते.

---

सिडकोची_सई | रविवार, रात्री १०:४०

सर, आईला फोन करून सांगितलं. बरं वाटलं तिला. पण फाटक आठला उघडणार ना?

तिचं पहिलं काम साडेसहाला असतं.